मदत हवी आहे : आमच्या नाटकातला वाघ भाषण करतोय

खडूफळा

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत मी शिकवते. विषय गणित आणि विज्ञान. माहेर साताऱ्याचं, म्हणजे इथल्या हिशेबाने मी 'घाटावरची'. दरवर्षी नाटक बसवणारे गुरुजी जूनमध्ये बदली होऊन गेले. यंदा स्नेहसंमेलनाचं नाटक कोण बसवणार असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला जरा उशीर झाला.

नाटक म्हणजे आपली भोपळ्यातली म्हातारी. लोककथेवरून संहिता मीच लिहिली, पंचवीसेक मिनिटांची. पाचवी ते सातवीची बारा मुलं आहेत. हातात तीन आठवडे. शेवटचा तास आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास एवढीच तालीम होते, कारण पलीकडच्या वाडीतली मुलं पाच-दहाच्या एसटीने जातात आणि ती गेली की पुढची सातला.

आज पहिल्या आठवड्याचा पाचवा दिवस. सोमवारी वाचन झालं, छान झालं. मुलं हसली, एकमेकांच्या वाक्यांत घुसली. मी खूश. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर संहितेचे फोटो टाकले. तिथेच चूक झाली असावी.

मंगळवारी सगळी मुलं पाठ करून आली! आयांनी रात्री बसवून घोकून घेतलं होतं. मी आधी शाबासकी दिली. मग वाघ उभा राहिला. पाय जुळवले, छाती पुढे काढली, उजवा हात खांद्यापर्यंत वर नेला आणि म्हणाला, "अगं म्हातारे! तू कुठे! निघाली आहेस? मला फार! भूक लागली आहे!" 'आदरणीय व्यासपीठ' तेवढं म्हणायचं राहिलं. म्हातारीनेही तसाच हात वर करून उत्तर दिलं. दोघंही एकमेकांकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडे बघत होती. कोल्हा तालुक्याला वक्तृत्वात दुसरा आलेला आहे, त्याच्याबद्दल बोलायलाच नको.

बुधवारपासून मी प्रत्येक वाक्य म्हणून दाखवतेय. माझ्यामागून म्हणतात तेव्हा बरं वाटतं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं की तोच हात वर. काल म्हातारीचं काम करणारी मुलगी एका शब्दाला अडली, मी तिसऱ्यांदा सांगितला, आणि ती रडायला लागली. वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी आहे ती. मधल्या सुट्टीत तिचं तोंड बंद करता येत नाही.

तर मदत हवी आहे :

घोकलेलं कसं मोडायचं? पात्रं बदलू का? हालचाली आत्ताच बसवू की आधी बोलणं? आणि भोपळा कसा करतात? त्यात मूल बसून गडगडत गेलं पाहिजे असं मुलांचं म्हणणं आहे.

आईबाबांची_रांग

गडगडत नको हो. आमच्या शाळेत पिंपात बसवून मुलगा गडगडवला होता. त्याने प्रेक्षकांत बसलेल्या पाहुण्यांसमोर उलटी केली.

विंगेतून

हौशी संस्थेत बरीच वर्षं काम केलंय, त्यातली निम्मी प्रॉम्प्टर म्हणून.

पात्रं बदलू नका. पहिल्याच आठवड्यात मुलाला काढलं तर उरलेली अकरा घाबरून आणखी घोकतील.

मला वाटतं बुधवारी घोटाळा वाढला. म्हणून दाखवू नका. तुम्ही दाखवलंत की मूल अर्थ सोडतं आणि तुमची चाल पकडतं. आधी आईची चाल होती, आता बाईंची आली. दाखवण्याऐवजी विचारा : वाघाने सकाळपासून काय खाल्लंय? म्हातारीच्या पिशवीत काय आहे? लेकीकडे कधीपासून गेली नाही? उत्तरं काहीही येऊ देत.

हात वर जातो त्याला सोपा उपाय म्हणजे हातांना काम द्या. म्हातारीला सुपात तांदूळ देऊन निवडत निवडत वाक्यं म्हणायला लावा. वाघाला बेंच ढकलू द्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि अट घाला, समोरच्याचं ऐकू आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. किंवा समोरच्याने प्रत्येक वाक्यावर "म्हणजे?" विचारायचं. तुमचा वक्ता कोल्हा तिसऱ्या "म्हणजे?"ला चिडेल. ती चिडकी वाक्यं लक्षात ठेवा, ती खरी असतात.

शब्द सांगायची घाईही नको. मूल थांबलं की बाई लगेच सांगतात हे कळल्यावर ते आठवायचंच सोडून देतं. ज्याला हवं त्याने "शब्द" असं म्हणायचं. तेव्हाही वाक्याचा पहिला शब्दच द्या, सबंध वाक्य नको.

हालचालींचं म्हणाल तर बोलण्यासोबतच येऊ देत. रंगमंच किती बाय किती आहे ते मंडपवाल्याला विचारून तेवढा चौकोन मैदानावर चुन्याने आखा. वर्गात बसवलेलं नाटक मंडपात गेलं की एका कोपऱ्यात गोळा होतं.

खडूफळा

@विंगेतून, "म्हणून दाखवू नका" वाचून मी जागेवरच ओशाळले. आज मुलं खरंच साताऱ्याच्या हेलात बोलत होती. मला वाटलं होतं सुधारतायत!

लाल_माती

बाई, एक विचारतो, रागावू नका. तुमची म्हातारी मधल्या सुट्टीत कुठल्या भाषेत बडबडते?

खडूफळा

मालवणीत. अर्थात.

लाल_माती

आणि नाटकात?

तिसरी_घंटा

:)

मी हेच लिहायला आलो होतो. यात एक भर घालतो. मराठी नाटकाची सुरुवात आपण ५ नोव्हेंबर १८४३ची मानतो, सांगलीचं विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर'. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं गद्य बोलणं जागच्या जागी रचून बोलायची. घोकायला लिहिलेलं गद्यच नव्हतं. तेव्हा संहितेला चिकटून राहायलाच हवं असं काही नाही, आणि इथे तर लेखिका तुम्हीच आहात. परवानगी मागायलाही कुठे जायला नको.

लाल_माती

सांगलीपर्यंत कशाला जाताय, शाळेबाहेर बघा. आत्ता जत्रांचे दिवस आहेत. तुमची मुलं देवळासमोर रात्र रात्र बसून दशावतार बघतात. त्यातही लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, आणि पायपेटी-मृदंग सुरू झाला की पुढे पहाटेपर्यंत सगळं तोंडाला येईल तसं. राजा पल्लेदार बोलतो आणि संकासूर, म्हणजे त्यातलं विनोदी पात्र, मालवणीत फिरक्या घेतो. हे तुमच्या वाघाने दहा वेळा तरी पाहिलेलं असणार. त्याला नाटक येतं. फक्त शाळेत ते चालतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

उद्या संहिता कपाटात ठेवा. गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. सांगा की घरी बोलतो तसं बोलायचं. वाक्य चुकलं असं काही नसतंच, गोष्ट पुढे गेली पाहिजे.

चष्मा_पुसून

प्रमाण भाषेचं काय? मुलांना स्वच्छ मराठी बोलायची संधी हीच एक असते. स्नेहसंमेलनाला अधिकारी येतात. गावठी बोललेलं नंतर आपल्यालाच ऐकावं लागतं. अनुभवावरून सांगतेय.

विंगेतून

@चष्मा_पुसून, मुद्दा समजतो, पण स्वच्छ मराठी बोलायला परिपाठ आहे, वक्तृत्व आहे, तिथे कोल्हा दुसरा आलाच आहे. हवं तर निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, बारातल्या दोघांना ते आवडेलही. जंगलातली भांडणं मात्र मालवणीत होऊ देत. 'गावठी' हा शब्द मात्र मुलांसमोर नको.

भोपळावाला

भोपळ्याचं सांगतो, दोनदा केलाय. पुठ्ठ्याचा करू नका, दुसऱ्या तालमीला चेपतो. चिव्याच्या (आपल्याकडचा बांबू) कामट्या काढा, कामट्यांचे तीन गोल करा (मधला मोठा), उभ्या आठ कामट्या वाकवून त्यांना सुतळीने बांधा. खाली उघडा ठेवायचा. मूल आत उभं राहतं आणि पावलं टाकत चालतं, आतून मधला गोल दोन्ही हातांनी धरून. वरून जुन्या केशरी साडीचं कापड. बघायला चेहऱ्यासमोर मच्छरदाणीची पट्टी लावा, बाहेरून दिसत नाही. कामट्यांची टोकं चिंध्यांनी नीट गुंडाळा, नाहीतर गाल ओरबाडतात. गडगडल्यासारखं दिसायला मुलाने चालताना गोल गोल फिरायचं, "टुणूक टुणूक"ला उडी मारायची. पाच फुटांवरच्या माणसाला गडगडल्यासारखंच वाटतं.

तयार होईपर्यंत सायकलचा जुना टायर कमरेशी धरून तालीम करा. भोपळा आयत्या वेळी आणलात तर मूल पहिल्या उडीलाच पडेल.

आईबाबांची_रांग

उरलेल्या मुलांना पण घ्या हो जमलं तर. माझी चार वर्षं झाड होती, वाक्य एकही नाही. जंगलाचे आवाज तरी काढू द्या. पाऊस, घुबड, रातकिडे.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. आज शनिवार, सकाळची शाळा, तालमीला चांगला दीड तास मिळाला. सांगते काय झालं.

संहिता कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली सगळ्यांना दाखवली. मैदानावर चुन्याने चौकोन आखला. मग म्हटलं, आज घरच्यासारखं बोलायचं. सगळे गप्प. वाघाने विचारलं, "बाई, मालवणीत? खरंच?" मी हो म्हटलं तरी त्याने आधी ऑफिसच्या खिडकीकडे बघून घेतलं.

पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं. मग म्हातारीच्या हातात सूप दिलं, तांदूळ दिले. ती उकिडवी बसली. (चालत जंगलातून जाणारी बाई बसून तांदूळ का निवडेल, हे मी विचारलं नाही.) वाघ आला. हात वर गेला नाही, कारण त्याच्या हातात टायर दिला होता धरायला.

"खंय चल्लंस गे म्हातारे? माका भूक लागली हा. तुका खातलंय."

तिने मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "रे मेल्या, माझ्या अंगात काय असा? नुसती हाडां असत. चेडवाकडे जातंय, तूप-रोटी खातंय, मगे खा."

वाघाला पुढचं वाक्य होतं, ते तो विसरला. "शब्द" म्हणाला नाही, तसाच उभा राहिला वाट अडवून. मी तोंड दाबून धरलं. तेव्हा ती सूप काखेत मारून उठली आणि त्याला ढकलत म्हणाली, "बाजूक हो. माजी एष्टी चुकतली."

कुंपणावर बसून बघणारी चौथीची मुलं धपाधप खाली पडली हसून. वाघही हसला. कोल्ह्याने मात्र येऊन रीतसर तक्रार केली की हे वाक्य संहितेत नाही.

उरलेली मुलं जंगल झाली आहेत. रातकिडे फारच चांगले करतात, इतके की कोल्हा ऐकू येत नाही. तो आता निवेदक व्हायला तयार आहे, स्वतःहून. त्यामुळे कोल्ह्याची जागा रिकामी झालीय आणि शाळा समितीतल्या एका सदस्यांचा मुलगा ती मागतोय. त्यावर वेगळा धागा काढीन.

भोपळ्यासाठी एका मुलाचे आजोबा सोमवारी चिवा आणून देतायत.

एक शंका उरली. ते एसटीचं वाक्य ठेवायचं का? मुलीला विचारलं तर म्हणते, "मी खंय असा बोललंय?" तिला आठवतच नाहीये.

विंगेतून

ठेवा. पण लिहून देऊ नका. एसटी कुठल्या वेळेची ते तिला रोज वेगळं सांगू द्या.

चष्मा_पुसून

पाच-दहाचीच असू दे. लोकांना कळेल.