सिलिकोसिस : नोकरी दोन राज्यांत, नोंद कुठे करायची? (मदत हवी आहे)

माझे मामा चंदगड तालुक्यातले. आधी शिनोळीला एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) होते, मग बरीच वर्षं बेळगावला उद्यमबागेत. काम कायम नॉकआउट आणि फेटलिंगचं. साचा फोडायचा, मालाला चिकटलेली रेती झाडायची, वर ग्राइंडर मारायचा. तोंडाला नुसता रुमाल. मामी तो कितीही धुवो, पाणी काळंच निघायचं.

धाप लागायला लागली तेव्हा टीबी म्हणून औषधं सुरू झाली, कोर्सही पुरा झाला. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते. आता छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि सीटी बघून सिलिकोसिस, म्हणजे रेतीच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, सांगितलंय. हा बरा होत नाही हे कळलंय, उपचाराबद्दल विचारत नाहीये.

अडचण नोंदीची आहे. टीबीच्या पेशंटचा निक्षयवर (सरकारच्या ऑनलाइन टीबी नोंदीत) एकदा आयडी पडला की तो गडहिंग्लजला जावो नाहीतर गोकाकला, मागचं सगळं दिसतं. सिलिकोसिसला तसं काही नाही. कारखाने कायदा 1948 चा. त्यानुसार हा आजार मॅनेजरने आणि डॉक्टरने कळवायचा असायचा, पण राज्याच्या कारखाने खात्याला. केंद्राची डीजीफासली (कारखान्यांतल्या सुरक्षेची संस्था) मुंबईत शीवला आहे, ती पाहण्या आणि प्रशिक्षण करते, निरीक्षक राज्याचे. म्हणजे शिनोळीची धूळ महाराष्ट्राच्या फायलीत, उद्यमबागेची कर्नाटकच्या. सीमाप्रश्न छातीपर्यंत आला म्हणायचा!

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता लागू झाली, तिच्यात राष्ट्रीय आणि राज्य सल्लागार मंडळं आहेत. पण आमच्यासारख्यांनी आज कुठल्या खिडकीत जायचं? आणि कंपनी जुन्या तपासण्यांचे कागद देत नाही, ते मागता येतात का? (कन्नडात अर्ज लिहून द्यायला शेजारी आहेत, ती काळजी नाही.)

प्रतिसाद १
आधी सांगा, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) होतं का? असेल तर विमा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच असतो आणि भरपाई मेडिकल बोर्डामार्फत तिथूनच. मालकावर वेगळा दावा चालत नाही. नसेल तर कामगार राहतो तिथल्या कामगार भरपाईच्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो. ही सोय जुन्या भरपाई कायद्यात होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

डॉक्टरांचं पत्र शेवटची फाउंड्री जिथे आहे त्या राज्याला, म्हणजे कर्नाटकला जाऊ द्या. त्यात शिनोळीची वर्षंही लिहायला सांगा आणि एक प्रत कोल्हापूरच्या कारखाने कार्यालयाला द्या. एकाने दुसऱ्याला कळवण्याची वाट बघत बसू नका.

प्रतिसाद २
पीएफचं पासबुक काढा हो! कुठल्या महिन्यात कुणी भरणा केला ते त्यात असतं, राज्य कुठलंही असो. ठेकेदाराचं नाव दिसलं तर जुना गेटपास, हजेरी कार्ड शोधा. कागदांचं म्हणाल तर जुन्या कारखाने कायद्याच्या धोकादायक यादीत फाउंड्री होतीच. त्याच्या कलम 41-सी प्रमाणे आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि कामगाराला बघू द्यायच्या, असा नियम होता. लेखी मागा, पोच घ्या.

धागाकर्ता
आभार दोघांचेही. ईएसआय उद्यमबागेत होतं, शिनोळीत नव्हतं, पीएफ दोन्हीकडे. मग बोर्डापुढे शिनोळीची वर्षं सांगितली तर केस पक्की होते की उलट फाटे फुटतात? कुणी बोर्डापुढे गेलेलं असेल तर लिहा.