मदत हवी आहे: अपघात झालेल्या घराच्या पाठीशी नंतर उभं कसं राहायचं?

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते. तीन आठवडे हेच डोक्यात घोळतंय आणि ज्यांनी असं काही केलंय असं ओळखीत कोणी नाहीये.

पाच महिन्यांपूर्वी आमच्या बिल्डिंगसमोरच्या वळणावर शेजारच्या काकांना गाडीने उडवलं. रस्ता ओलांडत होते, तेही झेब्रा क्रॉसिंगवरूनच. आवाज ऐकून मी खाली धावले तर काकांचा चष्मा रस्त्याच्या मधोमध पडलेला, काचा शाबूत, आणि काका दहा-बारा फूट लांब. लोक त्यांना धरून बसवायला निघाले होते, कोणी पाणी आणा म्हणत होतं. मी कधीकाळी प्रथमोपचाराचा कोर्स केलेला त्यातलं एवढंच आठवलं की मान हलू द्यायची नाही, पाणी पाजायचं नाही आणि रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, उचलून उचलून बघायचं नाही. एका मुलाला जखम दाबायला लावली आणि मी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोन्ही हातांनी काकांचं डोकं धरून बसले. किती वेळ गेला माहीत नाही, गुडघ्यांना खडी टोचत होती तेवढं आठवतंय.

काका वाचले. नंतर आम्ही वीसेक जणांनी गट केला, आणि रस्त्याचं काम खरंच बरं चाललंय. सगळे म्हणत होते नशिबात होतं, म्हणून आम्ही आधी मोजायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूने दोन खुणा केल्या, एक जण पहिल्या खुणेपाशी हात वर करणार, दुसरा पुढच्या खुणेपाशी स्टॉपवॉच घेऊन. ५० मीटर ६ सेकंदांत म्हणजे ताशी ३० किमी, ३.६ सेकंदांत म्हणजे ५०. तिथे ३० ची पाटी आहे आणि निम्म्याहून जास्त गाड्या ४ सेकंदांच्या आतबाहेर जात होत्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, तो आकडा अर्जात वर आमची वही जोडून दिला तेव्हा कुठे क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीएवढं उचलून घ्यायचं बोलणं सुरू झालं. क्रॉसिंगला चिकटून गाड्या लावतात त्यामुळे लहान मूल दिसतच नाही, ते पार्किंगही बंद करायला सांगितलंय.

पण प्रश्न रस्त्याचा नाहीये, काकांच्या घराचा आहे.

पहिले पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये रांग लागली होती भेटायला. आता कोणी जात नाही. मीसुद्धा कमी झाले, खोटं कशाला बोलू. काका वरून धडधाकट दिसतात, चालतात, त्यामुळे लोकांना वाटतं झालं सगळं ठीक. पण डोक्याला मार लागलाय. तीच गोष्ट चारदा विचारतात, कुकरची शिट्टी झाली तरी कानावर हात ठेवतात, अर्ध्या तासात थकतात आणि काकूंवर ओरडतात, जे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. काकू कोणाला सांगत नाहीत. मला जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, घरी आणला तो माणूस वेगळाच आहे."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी रस्ते अपघातातल्या बळींचा जागतिक स्मृतिदिन असतो (१९९३ मध्ये ब्रिटनमधल्या पीडित कुटुंबांच्या संस्थेने सुरू केला, २००५ पासून संयुक्त राष्ट्रांची मान्यता आहे). आमच्या गटाला त्या दिवशी काकांना स्टेजवर बसवून सत्कार करायचाय, मागे अपघाताचे फोटो लावायचेत. हेतू चांगलाच आहे, मी कोणाला दोष देत नाहीये, पण माईक, टाळ्या, गर्दी हे काकांना झेपेल असं मला अजिबात वाटत नाही. आणि ते फोटो काकूंनी का बघायचे?

तर विचारायचंय ते असं. पहिलं म्हणजे महिनोन्‌महिने टिकेल अशी मदत कशी आखायची, कारण "काही लागलं तर सांगा" म्हटलं की काकू काहीच सांगत नाहीत. दुसरं, मेंदूला मार लागलेल्या माणसाशी बोलावं कसं, विसरले की दुरुस्त करायचं का सोडून द्यायचं? आणि गाडी चालवणारा मुलगा जेमतेम १९ चा आहे, तो पळाला नव्हता, थांबला होता. त्याची आई मला भेटली, तो झोपत नाहीये म्हणाली. त्याच्याशी बोलणं म्हणजे काकांशी बेइमानी होईल का? गटात यावरून दोन तट पडलेत. माझं मत विचाराल तर पोलीस-कोर्टाचं जे व्हायचं ते होऊ दे, पण एकोणीस वर्षांच्या पोराला असं सोडून देणं बरं नाही.

नंतरची भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार, सगळे वाचले. ज्यांनी लिहिलंय की महिना उलटूनही झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल तर तज्ज्ञांना दाखवा, ते त्या मुलाच्या आईला कळवलं. मलाही ब्रेकचा आवाज आला की अजून हात गार पडतात, त्यामुळे मीही अपॉइंटमेंट घेतलीये. आणि "काय लागेल" असं न विचारता "मी अमुक वेळी येते, चालेल का" असं विचारा हा सल्ला काल वापरून बघितला. काकू आधी नको नको म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, गुरुवारी दुपारी दोन तास कोणी यांच्यापाशी बसलं तर मी झोपेन गं. फोटो नकोत हेही स्पष्ट बोलल्या, गटाला सांगितलंय, सत्कार रद्द झालाय.

आता गुरुवारचं वेळापत्रक करतेय, सहा जण तयार आहेत. त्या दोन तासांत काकांना दमवणार नाही असं काय करता येईल? पत्ते चालतील का, की आकडे-रंग लक्षात ठेवण्याचा ताण येईल? घरात अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा, पहिला गुरुवार परवाच आहे.