नागपूर खंडपीठात नव्हे, सुप्रीम कोर्टात

ताई, नवऱ्याने रायपूरला लावलेली घटस्फोटाची केस गोंदियाला आणायला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करा, असं तुम्हाला कोणीतरी सुचवलंय. कृपा करून तिथे पैसे घालू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (दिवाणी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम २४ खाली हायकोर्ट आपल्या हद्दीतलीच केस हलवतं. छत्तीसगडमधली केस महाराष्ट्रात आणायची तर त्याच संहितेच्या कलम २५ खाली सुप्रीम कोर्टच. दिल्लीचं नाव ऐकून घाबरू नका. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो, सुरुवात गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून करा. अर्जात लहान लेकरू, स्वतःची कमाई नाही, सोबतीला कोणी नाही, रोवणीची मजुरी बुडते, सगळं खरंखरं लिहा. आणि सुप्रीम कोर्टाकडून रायपूरच्या केसला स्थगिती मिळेपर्यंत तिथली तारीख चुकवू नका, एकतर्फी निकाल लागू शकतो!