काळ्या मातीत जाळीचं कंपाउंड: खांब कलू नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न (जुळेसोलापूरकर)
जुळे सोलापुरात 40 बाय 60 फुटांचा प्लॉट, पुढच्या बाजूला मधोमध 10 फुटी गेट. बाकी सगळीकडून पाच फुटी चेनलिंक जाळी मारायची आहे. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेजारचे खांब दुसऱ्याच पावसाळ्यात आत झुकलेत. फॅब्रिकेटर म्हणतो, 40 बाय 40 बाय 5 मिमीचा अँगल (इंग्रजी L आकाराची लोखंडी पट्टी) आणि दीड फूट खड्डा पुरे. पटत नाही. माल किती लागेल, तेही सांगा.

उत्तर (मुरूमखडी)
दीड फूट अजिबात मान्य करू नका. हा आकडा मातीवरून नाही, अँगलच्या लांबीवरून आलाय. अँगल 6 मीटरचा येतो, त्याचे 2 मीटरचे तीन तुकडे वाया न जाता पडतात. वर पाच फुटी जाळी गेली की जमिनीत जेमतेम दीड फूट उरतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि ही हालचाल वरच्या थरातच जास्त. खांब नेमका तिथेच अडकून राहतो.

तुकडे 2.4 मीटरचे घ्या, म्हणजे अडीच फुटांहून जास्त खाली जाईल. एका अँगलमध्ये दोनच निघतील. उरलेल्या 1.2 मीटरमधून वीतभर तुकडे कापून प्रत्येक खांबाच्या बुडाशी आडवे वेल्ड करा, खांब काँक्रीटमध्ये फिरणार नाही की उपसणार नाही.

खड्डा तोंडाशी 10 इंच, तळाशी फूटभर हवा. मजूर हमखास उलटं खणतात, वर ऐसपैस आणि खाली निमुळतं. अशा गाजरासारख्या काँक्रीटला फुगलेली माती वर उचलते. काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी), जमिनीच्या वर दोन इंच काढून उतरती टोपी करा. पाणी खांबाच्या मुळाशी साचलं की अँगल तिथेच गंजतो.

माल असा: साठ फुटी बाजूला साडेसात फुटांवर खांब, मागे आठ फुटांवर, पुढे गेटच्या दोन्ही अंगांना साडेसात. म्हणजे 24 अँगल खांब आणि गेटचे 2 जाड पाइप. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी आणि गेटच्या खांबांना एकेक असे 10 तिरके टेकू. एकूण 16 अँगल, साधारण 290 किलो. 50 फुटी जाळीचे 4 बंडल, 10 गेजची तार 12 किलो, सिमेंट 9 पोती.

उत्तर (ओळंबा)
वरचं बरोबर. पण खांब खोल गेले तरी टेकू नसतील तर जाळी ताणताच कोपरे आत येतील. सगळा ताण तिथेच बसतो, मधले खांब फक्त जाळी उभी धरतात.

काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, मगच तार ओढा. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ओळी, प्रत्येकीला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा स्क्रू. दोन बंडल बायंडिंग तारेने शिवू नका. एका बंडलाची शेवटची नागमोडी तार फिरवत वर काढा, दोन्ही कडा जवळ आणा आणि तीच तार पुन्हा फिरवत खाली उतरवा. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

जुळेसोलापूरकर
धन्यवाद. आणि कुत्री, डुकरं खालून उकरतात, त्याला काय? जाळीच वीतभर पुरू का?

उत्तर (मुरूमखडी)
पुरू नका, ओल्या मातीत जस्ताचा थर लवकर जातो. शहाबादी फरशीचे फूटभर रुंद तुकडे जाळीखाली उभे गाडा, आठ इंच आत, चार इंच वर. सांध्यात सिमेंट भरू नका. माती हलली की सांधा फुटणारच, मोकळी फरशी नुसती सरकते आणि परत बसवता येते.

खड्ड्यांची आखणी करण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या. दोरी त्या खुणांच्या सहा इंच आत बांधा, नुसता खांब नाही, त्याचं काँक्रीटही तुमच्याच जागेत राहिलं पाहिजे. काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती ना फुगलेली असते ना भेगाळलेली, आणि पहारही सहज जाते.