फेलोशिप पाच महिने थकली आहे, पोस्टडॉकने तक्रार नेमकी कुठे करायची?

निवडुंग
नमस्कार. वैतागून लिहितेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतर फेलोशिपवर संशोधन करते. मार्चपासून फेलोशिपचा एक रुपया आलेला नाही. अकाउंट्सवाले म्हणतात वरून आले नाहीत. वर फोन केला तर म्हणतात तुमच्या विद्यापीठाकडून कागदच आले नाहीत. परत अकाउंट्सला गेले तर "मॅडम, आम्ही पाठवलंय हो". सर (माझे मार्गदर्शक) म्हणतात येतील, कुठे जातायत.

विद्यापीठाच्या तक्रार पोर्टलवर गेले. 'विद्यार्थी' निवडलं की पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) मागतं. 'कर्मचारी' निवडलं की सेवार्थ क्रमांक (सरकारी पगारप्रणालीतला) मागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. 'इतर' असा तिसरा पर्याय आहे, तो दाबला की पान कोरं होतं.

प्रश्न एकच. पोस्टडॉकने तक्रार कुठे करायची? घरमालक सज्जन आहेत, पण रोज जिन्यात भेटतात. 'धीर धर' आणि 'परदेशात जा' हे दोन सल्ले घरून मिळालेले आहेत, ते नकोत.

आगाऊ पाहुणा
कोणती फेलोशिप? केंद्राची की राज्याची? विद्यापीठ सरकारी की अभिमत? काहीच लिहिलं नाहीत तर लोक सांगणार काय?

सॅन दिएगोकर
दादा, एकट्याने तक्रार करून काही होत नाही. युनियन करा. आमच्या इथे कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉक्सची युनियन २००८ पासून आहे, पहिला करार २०१० मध्ये झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोस्टडॉक, संशोधक, टीए (शिकवायला मदत करणारे विद्यार्थी) असे मिळून ४८ हजार लोक संपावर गेले. मीही थंडीत फलक धरून उभा होतो (सॅन दिएगोची थंडी, हसू नका). पोस्टडॉक्सचा करार डिसेंबरात झाला आणि किमान पगार साधारण ५५ हजार डॉलरवरून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ७० हजारांच्या आसपास गेला. मागितल्याशिवाय आई पण जेवायला वाढत नाही.

इरसाल कार्टं
त्यांना मार्चचे पैसे मिळत नाहीयेत आणि तुम्ही डॉलरमधला किमान पगार सांगताय. एका विभागात दोन पोस्टडॉक असतात. संप केला तर कळणार कुणाला? कँटीनवाल्याला?

सॅन दिएगोकर
सुरुवात दोघांपासूनच होते.

निवडुंग
दादा नाही, ताई. 'लिहितेय' लिहिलंय वर.
फेलोशिप केंद्राची. नाव सांगणार नाही, विभागात आम्ही खरंच दोघीच आहोत, लगेच ओळखू येईन. विद्यापीठ सरकारी, महाराष्ट्रातलं. एवढं पुरे ना?

हाडाचा कारकून
पुरे नाही. मी विद्यापीठाच्या वित्त विभागातून निवृत्त झालो (कोणत्या ते सोडा). पुढचं सांगा.
फेलोशिप तुमच्या स्वतःच्या नावाने मंजूर आहे, की सरांच्या प्रकल्पात तुम्ही रिसर्च असोसिएट आहात? लोक दोन्हीला पोस्टडॉक म्हणतात, पण फाईल वेगळी, टेबल वेगळं.
रुजू कधी झालात? पहिलं वर्ष चालू आहे की दुसरं?

कलमकसाई
आरटीआय टाका. १० रुपये, ३० दिवस, विषय संपला. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या प्रश्नावर मी चार टाकल्या होत्या.

खडीसाखर
पाणी आलं का?

कलमकसाई
टँकर येतो. पण माहिती मिळाली.

निवडुंग
@कारकून काका: स्वतःच्या नावाने. मागच्या वर्षी मार्चमध्ये रुजू झाले. म्हणजे दुसरं वर्ष लागलंय. पहिल्या वर्षाचे पैसे फेब्रुवारीपर्यंत अगदी वेळेवर आले.

हाडाचा कारकून
मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. पैसे 'थकलेले' नाहीत, दुसऱ्या वर्षाचा हप्ता सुटलेलाच नाही. तो सुटण्यासाठी ३१ मार्चपर्यंतच्या खर्चाचं विवरणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, वर जावं लागतं. यूसीचा नमुना म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला जीएफआर १२-अ. त्यावर मार्गदर्शक शास्त्रज्ञाची सही, वित्त अधिकाऱ्याची सही, संस्थाप्रमुखाची सही. तीनपैकी एक राहिली की कागद मेला.

"आम्ही पाठवलंय हो" या वाक्याला काही किंमत नाही. जावक क्रमांक मागा. पाठवलं असेल तर जावक नोंदवहीत तारखेसह क्रमांक असतो, ऑनलाइन टाकलं असेल तर पोचपावती असते. नसेल तर गेलं नाही. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त म्हणा, "जावक क्रमांक लिहून देता का?" आणि पेन पुढे करा.

मधल्या आळीचा
थोडं अवांतर. पोस्टडॉकला हल्ली ५८ हजार मिळतात ना? आमच्या वेळी...

आगाऊ पाहुणा
ते आरए-१ चे, म्हणजे रिसर्च असोसिएटच्या पहिल्या श्रेणीचे. जून २०२३ च्या डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या) आदेशाने ४७ वरून ५८ हजार झाले, १ जानेवारी २०२३ पासून लागू. आरए-२ ला ६१, आरए-३ ला ६७. वर घरभाडे भत्ता. आणि तेही आपोआप नाही मिळालं, त्याआधी २०१९ ला वाढ झाली तेव्हा देशभरची मुलं रस्त्यावर उतरली होती. आणि आले तर मिळतात. इथे मुद्दा तोच आहे.

मधल्या आळीचा
५८ हजार करमुक्त म्हणजे चांगलंच की.

ताळेबंद
करमुक्त आहेत असं कुणी सांगितलं? जुन्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम १०(१६) शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला होतं. पोस्टडॉक शिकतो की काम करतो, वाद तिथेच आहे. कुठे टीडीएस कापतात, कुठे नाही. एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन पद्धती बघितल्यात मी.

मधल्या आळीचा
संशोधन म्हणजे शिक्षणच.

ताळेबंद
मग हजेरीपटावर सही का घेतात?

खडीसाखर
तुम्ही दोघं नवीन धागा काढा ना.

ज्वारीची भाकरी
निवडुंगताई, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच. मी तेव्हा पोस्टडॉक होते, विद्यापीठ वेगळं.

पोर्टलमध्ये तुम्ही बसत नाही हा योगायोग नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे तक्रार निवारण विनियम विद्यार्थ्यांसाठी, लोकपालही त्यांच्यासाठीच. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातली तक्रार निवारण समिती शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी. आपण ना घर का, ना घाट का. माझ्या ओळखपत्रावर दोन वर्षं 'अभ्यागत' छापलेलं होतं. सिक्युरिटीचे मामा रोज विचारायचे, "कुणाला भेटायचंय?"

आम्ही आधी आस्थापना विभागाला विचारलं, विद्यापीठात पोस्टडॉक किती? त्यांनी पाच सांगितले. संशोधन कक्षाने नऊ सांगितले. वित्तकडे आकडाच नव्हता, योजनेच्या नावाने फायली होत्या, माणसांच्या नाहीत. मग आम्हीच दुपारच्या डब्यावर यादी केली. नाव, योजना, रुजू तारीख, आणि शेवटचा पैसा कोणत्या महिन्याचा आला. अकरा जण निघालो. त्यात सहा जणांचे थकलेले. ते एक पान घेऊन आम्ही अकराही जण संशोधन संचालकांकडे गेलो. एकटी गेले असते तर 'बघतो' ऐकून परत आले असते. अकरा माणसं बसायला खुर्च्या नव्हत्या, त्यांनाच शिपायाला हाक मारून मागवाव्या लागल्या. तिथून बोलण्याचा सूर बदलला.

मागणी एकच ठेवली होती. अनुदान येईपर्यंत विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून दरमहा आगाऊ द्यावं आणि हप्ता आला की वळतं करून घ्यावं. ओव्हरहेडच्या (जागा, वीज, कार्यालयीन खर्चाच्या) नावाने आपल्या अनुदानातून विद्यापीठाला पैसे मिळतातच. तीन महिने घासाघीस करून ते मान्य झालं, पूर्ण नाही, ६० टक्के. आणि ओळखपत्रावर 'पोस्ट-डॉक्टरल फेलो' आलं.

कलमकसाई
याला कायदेशीर आधार काय?

ज्वारीची भाकरी
काही नाही. कार्यालयीन टिपणी आणि कुलगुरूंची सही.

बर्लिनचा बाळू
जर्मनीत पैसे वेळेवर येतात पण पीएचडीनंतर सहा वर्षांत कायम नोकरी नाही मिळाली तर तात्पुरती कंत्राटं सहसा बंद, असा कायदा आहे. २०२१ मध्ये 'मी हाना आहे' (हाना म्हणजे सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक) या हॅशटॅगखाली हजारोंनी आपापल्या कहाण्या लिहिल्या होत्या. म्हणजे तिकडे गेलात तरी...

इरसाल कार्टं
ताईंनी 'परदेशात जा' नको म्हटलंय. 'परदेशात जाऊ नका' पण नको असावं.

पालक१२
नमस्कार, मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी आवडते. हे सगळं वाचून भीती वाटली. रिसर्चला घालावं का?

निवडुंग
काका, जावक क्रमांक मागितला. क्लार्कने नोंदवही उघडली, एप्रिल चाळला, मे चाळला, आणि गप्प बसला. मग कपाटातून माझी फाईल काढली. यूसी गेलंच नव्हतं. एप्रिलमध्येच लेखापरीक्षणाने शेरा मारून परत केलेलं. प्रायमरचं (डीएनएच्या प्रयोगाला लागतं ते) एक बिल आहे, ११,३२८ रुपयांचं, तारीख २ एप्रिल, आणि ते मार्चच्या खर्चात धरलंय. दुरुस्त करून सरांची परत सही हवी. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी यूसीला टाचणीने लावलेली होती, टाचणीला गंज आलाय.

पण सर मेपासून इथे नाहीत, एक वर्षाच्या रजेवर बाहेरच्या देशात आहेत.

आगाऊ पाहुणा
!!!
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?

निवडुंग
त्याचा पैशांशी काय संबंध असं वाटलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज असतात, दर सोमवारी मीटिंग होते.

हाडाचा कारकून
संबंध सगळा त्याचाच आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. एक, दुरुस्त यूसी. त्यातून ते बिल वगळायचं, चालू वर्षात टाकायचं, तेवढी रक्कम शिल्लक दाखवायची. सर तिकडून सही करून स्कॅन पाठवू शकतात, आमच्याकडे ते चालायचं, तुमच्या वित्त अधिकाऱ्यांना आधी विचारा. दोन, मार्गदर्शक वर्षभर बाहेर असताना इथे जबाबदार कोण हे अनुदान देणाऱ्यांना कळवलंय का? नसेल तर विभागप्रमुखांमार्फत आजच पत्र लावा. नाहीतर हा हप्ता सुटेल आणि पुढचा अडकेल.

कलमकसाई
तरी आरटीआय टाकाच. फाईल चार महिने कपाटात का होती?

ज्वारीची भाकरी
नको. त्या क्लार्ककडे तुम्हाला अजून वर्षभर जायचंय. आणि सरांचं शिफारसपत्र लागणार आहे. हक्क आहे म्हणून पहिल्याच दिवशी कुऱ्हाड काढायची नसते. महिन्यात हललं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. फेलोशिप केंद्राची आहे, तिथे पीआरएन मागत नाहीत. २१ दिवसांत निपटारा करायचं बंधन आहे.

कलमकसाई
याच मवाळपणामुळे फायली कपाटात राहतात.

ज्वारीची भाकरी
आणि जहालपणाने टँकर येतो.

सॅन दिएगोकर
मी अजून म्हणतो, ती अकरा जणांची यादी म्हणजेच युनियन. तुम्ही फक्त नाव दिलं नाहीत.

ज्वारीची भाकरी
नाव दिलं असतं तर खुर्च्या आल्या नसत्या.

पालक१२
कुणी सांगेल का?

खडीसाखर
घाला हो. बारावीनंतर पोस्टडॉक व्हायला दहा-बारा वर्षं आहेत, तोवर पोर्टल सुरू होईल.

निवडुंग
ताजी खबर. सरांना रात्री फोन केला. त्यांना शेऱ्याबद्दल कुणी कळवलंच नव्हतं. "अगं, मग आधी का नाही बोललीस?" म्हणाले. पाच महिने मी त्यांना 'पैसे आले नाहीत' एवढंच सांगत होते. सकाळी सही करून स्कॅन पाठवलं. वित्त अधिकारी मॅडमनी स्वीकारलं, मूळ प्रत कुरिअरने हवी म्हणाल्या. विभागप्रमुखांचं पत्रही दिलंय.

जावक क्रमांक मिळाला. मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय.

पैसे यायला अजून किती लागतील देव जाणे. दुसऱ्या पोस्टडॉकलाही तिची फाईल बघायला लावली, तिचं यूसी गेलंय पण तिचा बँक खाते क्रमांक एका आकड्याने चुकलाय. आम्ही दोघींनी यादी सुरू केली. रसायनशास्त्रात तीन जण सापडले, भूगोलात एक. भूगोलवाल्याला वाटत होतं विद्यापीठात तो एकटाच आहे.

हाडाचा कारकून
फोटो चालत नाही. पोचवर गोल शिक्का आणि तारीख घ्या, आणि झेरॉक्स घरी ठेवा, विभागात नाही. खाते क्रमांकाच्या दुरुस्तीला रद्द केलेला धनादेश लागेल, त्या ताईंना सांगा.

ताळेबंद
आणि दोन वर्षांची रक्कम एकाच आर्थिक वर्षात आली तर कराचं बघा.

मधल्या आळीचा
करमुक्त आहे म्हटलं ना.