सीईटीला ९४ पर्सेंटाइल, मग एम-वनला केटी का?

घंटाळीकर
नौपाड्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाच्या दोन सेमची गणितं) शिकवतो. दरवर्षी तेच: सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, ९४ पर्सेंटाइल आणि पहिल्याच सेमला गणितात केटी, म्हणजे नापास, पेपर पुन्हा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, चार पर्याय, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. पर्याय उलटे टाकून बघायची सवय लागते. पायऱ्या मांडून लिही म्हटलं की पेन थांबतं. त्यात इंटिग्रेटेडवाल्यांनी (कॉलेज नावापुरतं, सगळं क्लासमध्येच) ज्युनिअर कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नसतं. जेईई मेनच्या रँकमध्ये २०१६ पर्यंत बारावीला ४० टक्के वजन होतं. सीईटीलाही तसं करा. बारावी निदान हाताने लिहायची परीक्षा आहे.

सेक्टर१५_कोपरखैरणे
सर, तुमच्याकडे येतात तेच मुळी केटी लागलेले! ९४ वाले जे सुटले ते कशाला घंटाळीला तुमच्या क्लासला येतील? दवाखान्यात बसून अख्खा गाव आजारी म्हणण्यातली गत.

शिवाय एका वर्गात सगळेच ९३ ते ९५ चे. मग कोण पुढे, कोण मागे, यात सीईटीचा हात दिसणार कसा? ६० वाला त्याच बाकावर असता तर दिसला असता. आणि बारावीचं म्हणाल तर २०२१ आठवा. परीक्षा रद्द, निकाल ९९.६३ टक्के. त्यातून कोणाला निवडणार होतात? एमआयटीनेही (अमेरिकेतली, पुण्यातली नव्हे) करोनात सोडलेली सॅटची (तिकडची प्रवेश परीक्षा) अट २०२२ मध्ये परत आणली. गणितात कोण तगेल याचा अंदाज तिच्यामुळे येतो म्हणून.

घंटाळीकर
दवाखान्याचं मान्य. पण एमआयटी नुसत्या सॅटवर घेत नाही, शाळेचे मार्कही बघते. मी वेगळं काय मागतोय? इथे ओपनवाल्याने बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के पाडले की पुढे सगळी सीईटीच.

डिप्लोमावाली_ऐरोली
आमची सीईटी नाही, बारावी पण नाही. डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसरं वर्ष. एम-वन न शिकता समोर एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या सेमच्या गणिताचा, लाप्लास! केटी लागली, काढली. पण लॅबमध्ये सर्किट चालेना की हेच ९४ वाले माझ्या टेबलाशी. तुम्ही दोघं एकाच पेपरवरून भांडताय.

सेक्टर१५_कोपरखैरणे
@घंटाळीकर, पुढच्या बॅचच्या फॉर्मवर सीईटी आणि बारावीचं गणित दोन्ही लिहून घ्या की.

घंटाळीकर
घेतो. पण केटी न लागलेले कुठून आणू?

सेक्टर१५_कोपरखैरणे
आमचा आहे घरात. सीईटी ८९, बारावीचं गणित ६१, केटी एकही नाही. लिहून घ्या, फी मात्र देणार नाही.