खारीच्या शिकारीत एवढं काय आहे?

नवखा_मिसुरीत:
मंडळी, दीड वर्ष झालं अमेरिकेत मिसुरीत आहे, एचवनबीवर (नोकरीचा व्हिसा). ऑफिसातला एक जण, साठीचा, ओझार्कच्या डोंगरातला, सारखा मागे लागलाय की शनिवारी खारी मारायला चल. हरीण समजू शकतो हो, पण खार? अर्ध्या किलोचा जीव! आणि आजीने सांगितलेली ती रामाची बोटं आठवतात ते वेगळंच. कोणी गेलंय का? व्हिसावर बंदूक हातात घेतली तर लफडं होईल का?

हिकरीखाली:
आधी कामाचं. एचवनबीवाल्याला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, पण हंटिंग लायसन असेल तर सूट मिळते, म्हणजे लायसन आधी, बंदूक नंतर. आणि लायसनला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो (जन्म १९६७ किंवा नंतरचा असेल तर), ऑनलाइन होतो. सीझन मे अखेरपासून १५ फेब्रुवारीपर्यंत, दिवसाला १० खारी.

आता मजा. उजाडायच्या आधी हिकरीच्या (अक्रोडाच्या जातीचं झाड) बुंध्याला टेकून गप बसायचं, डास फोडून काढतात. सप्टेंबरात पानं इतकी दाट की खार दिसतच नाही, कानानेच शोधायची. वरून कर्र कर्र ऐकू येतं आणि टरफलांचा चुरा खालच्या पानांवर पडायला लागतो, भुरभुर पाऊस आल्यासारखा. तिने तुम्हाला बघितलं की ती खोडाच्या पलीकडे, तुम्ही फिरलात की ती पण फिरणार, लपंडाव नुसता! दोघं असाल तर एकाने पाय आपटत झाडाला वळसा घालायचा, खार दुसऱ्याच्या समोर येते. एकटे असाल तर पलीकडे काठी फेका. मागच्या खेपेला सकाळभर बसून एकच मिळाली, तरी मी खूश.

भीमाशंकर_भटक्या:
मला नाही पटत. आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी, वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी, आणि तुम्ही तिकडे मजा सांगताय.

हिकरीखाली:
दादा, शेकरूला मीही हात जोडतो. इथली ग्रे आणि फॉक्स खार ढिगाने आहे आणि मारलेली खातात, टाकत नाहीत.

काळा_मसाला:
आमचे हे आणतात. सोलणं म्हणजे वैताग, कोंबडी परवडली, केस मांसाला चिकटले की निघता निघत नाहीत, म्हणून आधी कातडं ओलं करून घ्यायचं. कोवळी असेल तर तळा, जून असेल तर कुकरशिवाय इलाज नाही. शेजारीण पांढऱ्या ग्रेव्हीत बिस्किटांबरोबर (इकडची, मऊ पावासारखी) देते, मला सपक लागतं. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला घालून रस्सा करते, सोबत भाकरी.

नवखा_मिसुरीत:
कोर्स सुरू केला. ऑफिसातल्या त्या गृहस्थाला सांगितलं तर म्हणाला तोवर नुसता सोबत बसायला ये, फक्त फोन गाडीत ठेव आणि खोकू नकोस. काकू, एखादी मिळालीच तर मसाल्याचं प्रमाण विचारायला येतो.